सतराशे मीटरांत मावणारी विमाने

घरातल्या संगणकावर विमान चालवण्याचा अनुभव देणाऱ्या सॉफ्टवेअरला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, आणि त्याच्या मूळ संचात नसलेले, मागाहून विकत किंवा विनामूल्य मिळवून त्यात बसवलेले विमान ‘ॲड-ऑन’ या नावाने ओळखले जाते. मराठीत त्याला जोडविमान म्हणता येईल. जोडधंद्यातला ‘जोड’ येथे नेमका लागू पडतो. कारण शेतकऱ्याच्या घरी दूधदुभते जोडधंदा म्हणून सुरू होते आणि पुढे पुष्कळदा घर त्याच्यावरच चालू लागते, त्याप्रमाणे सिम्युलेटरमध्ये रमलेल्या माणसाचे मनही हळूहळू मूळ सॉफ्टवेअरवरून उठून एखाद्या जोडविमानावर जडते. आवडते जोडविमान कोणते, या प्रश्नाची उत्तरे बहुधा किंमत, चित्रांची सफाई किंवा यंत्रणांचा बारकावा या अंगांनी दिली जातात. त्या उत्तरांत तथ्य असले, तरी आवड ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ती म्हणजे माणसाच्या गावाजवळची धावपट्टी. जळगाव आणि धुळे या खान्देशातल्या दोन जिल्ह्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

या छंदाचा इतिहास वैयक्तिक संगणकाच्या इतिहासाएवढाच जुना आहे. ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी पहिला घरगुती सिम्युलेटर आणला, आणि त्यांच्याच कामावर आधारलेली मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली. तीत उडवायला मुख्यतः एक सेसना १८२ होते आणि जमीन म्हणजे काही रेषा होत्या. पुढे २००६ मधील ‘एफएसएक्स’ आणि २०२० मधील नवी आवृत्ती या मायक्रोसॉफ्टच्या मालिकेतील मोठ्या पायऱ्या ठरल्या. समांतरपणे ऑस्टिन मायर यांचा ‘एक्स-प्लेन’ वाढला, तर ‘फ्लाइटगिअर’ हा स्वयंसेवकांनी उभारलेला, कोणालाही मोफत वापरता येणारा सिम्युलेटर १९९० च्या दशकापासून चालत आला आहे. २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून सगळी पृथ्वी उभी केलेली असल्यामुळे तापीचे पात्र, सातपुड्याची रांग आणि अजिंठ्याचे डोंगर आपापल्या जागी सापडतात, आणि खान्देशातल्या माणसाला स्वतःचा मुलूख वरून, हव्या त्या उंचीवरून पाहता येतो.

जळगावचा विमानतळ शहराच्या आग्नेयेला, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, कुसुंबा गावाजवळ आहे. १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याने तेथे साधी धावपट्टी केली. तिचे विमानतळात रूपांतर होऊन मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि त्या स्वतः याच जिल्ह्याच्या असल्यामुळे त्या सोहळ्याला घरच्या कार्याचे रूप आले होते. नियमित प्रवासी सेवा मात्र केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये आली. धुळ्याची कहाणी निराळी आहे. धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर प्रवासी विमान येत नाही, पण शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने तेथून उठतात. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले प्रशिक्षण तेथे नेले, आणि त्याच जिल्ह्यात शिरपूरजवळच्या धावपट्टीवरही उड्डाण-प्रशिक्षण चालते. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातील जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या जोडीला जळगावही होते. म्हणजे ज्या प्रदेशाने कित्येक वर्षे विमान पाहिले ते तीस-पस्तीस हजार फुटांवरून जाणारी पांढरी रेघ म्हणून, त्याच प्रदेशात आज सकाळच्या वेळी कपाशीच्या शेतात निंदणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून सेसना गिरक्या घेत असते.

जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटर लांब आहे, आणि आवडीचा सगळा विचार या आकड्यापाशी येऊन थांबतो. जगभर सर्वाधिक नावाजलेली जोडविमाने मोठ्या जेटची आहेत: पीएमडीजी या संस्थेची बोइंग ७३७ आणि ७४७, फेनिक्सचे एअरबस ए-३२०, फ्लायबायवायर या स्वयंसेवी गटाचे विनामूल्य ए-३२०, किंवा ‘झिबो’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या हौशी रचनाकाराने एक्स-प्लेनमधील मूळ ७३७ वर मेहनत घेऊन घडवलेले आणि फुकट वाटलेले विमान. ही विमाने ‘स्टडी लेव्हल’ समजली जातात. म्हणजे त्यांतील बहुतेक प्रत्येक कळ खऱ्या विमानाप्रमाणे काम करते आणि ती चालवण्यासाठी शेकडो पानांची पुस्तिका अभ्यासावी लागते. या कामाचे मोल निःसंशय थोर आहे. तथापि पूर्ण भाराच्या ए-३२० ला उठण्यासाठी दोन हजार मीटरांहून अधिक धाव लागते, आणि कुसुंब्याला ती मिळत नाही. सिम्युलेटरमध्ये अर्थातच कोणी अडवणारे नसते. थोडे इंधन भरून, रिकाम्या खुर्च्यांनिशी ७३७ जळगावला उतरवता येते आणि उठवताही येते. परंतु तसे करणाऱ्याला एकदोनदा मौज वाटून पुढे त्यातला रस ओसरतो, कारण गावाच्या बोळात आणलेल्या सोळा चाकी ट्रेलरसारखे ते विमान तेथे परके दिसते. धावपट्टी स्वतःच्या मापाचे विमान मागते, आणि ज्याला आपली धावपट्टी प्रिय आहे त्याची आवड मग तीन विमानांभोवती फिरू लागते: सेसना १७२, बीचक्राफ्ट १९००डी आणि एटीआर ७२.

त्यांपैकी सेसना १७२ हे सर्वांत साधे आणि तरीही सर्वांत खोल. चार आसनांचे, एका इंजिनाचे, पंख डोक्यावर असलेले हे विमान १९५६ पासून बनत आले असून आजवर चव्वेचाळीस हजारांहून अधिक बनले आहे. दुसऱ्या कोणत्याही विमानाची एवढी संख्या नाही. बहुतेक सिम्युलेटरांमध्ये ते मूळ संचातच मिळते, मग त्याचे जोडविमान कशासाठी घ्यावे, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर एटूए या संस्थेने २०१३ मध्ये एफएसएक्ससाठी काढलेल्या ‘सी-१७२ ट्रेनर’ या जोडविमानात सापडते. त्यात विमानाला स्मृती दिलेली आहे. उड्डाण संपवून संगणक बंद केला तरी इंजिनाची झीज, तेलाची पातळी, बॅटरीतला भार आणि स्पार्क प्लगवरची काजळी जशीच्या तशी राहते. दिवा चालू ठेवून गेलेल्या माणसाला परत आल्यावर उतरलेली बॅटरी मिळते, आणि इंधनाच्या टाकीतून नमुना काढून त्यात पाणी तर साचले नाही ना, हे पाहण्याचे कामही सोडलेले नसते.

या विमानातील मॅग्नेटोची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. विमानाच्या पिस्टन इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि त्यांना ठिणगी पुरवणारी दोन स्वतंत्र यंत्रे असतात. इंजिनाच्या फिरण्यावरच वीज तयार करणाऱ्या या यंत्रांना मॅग्नेटो म्हणतात. उड्डाणापूर्वी इंजिन मिनिटाला १८०० फेऱ्यांवर आणून चावी एका घराने फिरवायची, म्हणजे एक मॅग्नेटो बंद होतो आणि फेऱ्या किंचित उतरतात. मग चावी परत जागेवर आणून दुसऱ्याची पाळी. उतार १५० फेऱ्यांहून जास्त नसावा आणि दोहोंच्या उतारांतला फरक ५० पेक्षा अधिक नसावा, असा नियम आहे. फेऱ्या मुळीच उतरल्या नाहीत तर नवखा खूश होतो, पण जाणकार इंजिन बंद करतो, कारण त्याचा अर्थ मॅग्नेटो बंदच झालेला नाही आणि चावी काढल्यावरही पंखा हाताने हलवला तर इंजिन सुरू होऊ शकेल असा होतो. जमिनीवर फार वेळ इंधनाचे जाड मिश्रण देऊन इंजिन संथ चालवले तर प्लगवर काजळी धरते आणि चाचणीत इंजिन अडखळते. मग मिश्रण पातळ करून, फेऱ्या वाढवून ती काजळी जाळावी लागते. एटूएच्या सेसनात हे सारे घडते, आणि ते कानाला ऐकू येते.

खान्देशात ज्यांनी विहिरीवरचे डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केले आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. वीज शेतापर्यंत पुरेशी येत नव्हती त्या काळात इंजिनाच्या ठोक्यावरून त्याची तब्येत ओळखणारी माणसे प्रत्येक गावात होती. ठोका जड पडू लागला की हवा धरली, फिल्टर तुंबला की नोझल गेला, हे बांधावर उभे राहून सांगता येत असे. यंत्राकडे कान देण्याची ती रीत पंपाला मोटारी बसल्यावर मागे पडली. मॅग्नेटोच्या चाचणीत तीच रीत एका पुढच्या पिढीच्या हाती, हेडफोन आणि जॉयस्टिकच्या वाटेने परत येते, आणि या छंदाला नुसता खेळ समजणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट तरी ध्यानात घ्यावी असे वाटते.

सेसनाची दुसरी शिकवण उन्हाळ्याची आहे. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत पंखाला उचल कमी, पंख्याला पकड कमी आणि इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो. हा सगळा परिणाम एका आकड्यात सांगण्यासाठी ‘घनता-उंची’ ही संज्ञा वापरतात, म्हणजे तेवढी विरळ हवा प्रमाण वातावरणात किती उंचीवर सापडली असती ती उंची. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटरांवर आहे आणि त्या उंचीवरचे प्रमाण तापमान तेरा अंशांच्या आसपास धरले जाते. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर गेला की फरक बत्तीस अंशांचा होतो आणि दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने, मूळ उंची मिळवून, घनता-उंची साडेचार हजार फुटांपलीकडे पोहोचते. म्हणजे धावपट्टी असते जळगावच्या सपाटीवर आणि विमानाला मात्र आपण महाबळेश्वरच्या माथ्यावर असल्यासारखे वाटते. १७२ ची जमिनीवरची धाव त्या वेळी प्रमाण हवामानाच्या मानाने एक तृतीयांशाने तरी वाढते, आणि चढण्याचा वेग इतका घटतो की शिकाऊ वैमानिकांना पहाटेच का उठवतात ते कळते. प्रत्यक्षातले हवामान ओढून घेण्याची सोय आजच्या सिम्युलेटरमध्ये आहे. त्यामुळे बाहेर लू चाललेली असताना कूलरसमोर बसलेल्या माणसाचे विमानही त्याच लूमध्ये उठत असते. पंखाभोवतीच्या हवेचे गणित बारकाईने केलेल्या जोडविमानात हा जडपणा हाताला जाणवतो, आणि तो जाणवत नसेल तर ते विमान कितीही देखणे असो, खान्देशात त्याची परीक्षा तेथेच संपते.

हा आनंद पैशांवाचून अडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. नामांकित जोडविमानांच्या किमती कित्येक हजार रुपयांपर्यंत जातात आणि त्यांना पेलणारा संगणक त्याहून महाग पडतो. पण फ्लाइटगिअरमधील सेसना १७२पी हे विनामूल्य विमान साध्या संगणकावर चालते आणि त्यावर स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे ममतेने काम केलेले आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि घरच्या सिम्युलेटरवरचा एकही तास त्यात धरला जात नाही. तरीही गोंदूरच्या कुंपणाबाहेरून विमाने पाहणाऱ्या एखाद्या मुलाला त्या कुंपणाच्या आत काय चालते हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग आज दुसरा नाही.

बीचक्राफ्ट १९००डी हे विमान जळगावच्या स्मरणात वेगळ्या कारणाने राहिले आहे. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने मुंबई–जळगाव सेवा सुरू केली ती याच विमानाने. प्रवाशांसाठी एकोणीस आसने, दोन टर्बोप्रॉप इंजिने आणि शेपटीच्या टोकावर आडवा पंख, असे त्याचे रूप आहे. टर्बोप्रॉप म्हणजे जेटसारख्या टर्बाइनने पंखा फिरवणारे इंजिन. वीसपेक्षा कमी आसने असल्यामुळे त्यात हवाई सेविका लागत नाही. पुढच्या दाराला लागूनच पायऱ्या असतात, त्या चढून वर गेले की बहुतेक ओळींत दोन्ही बाजूंना केवळ एकेक खुर्ची, आणि वैमानिक हाकेच्या अंतरावर. या विमानाच्या आधीच्या रूपात आत वाकून चालावे लागे. १९९१ पासून बनलेल्या ‘डी’ रूपात छत उंच केले गेले आणि माणूस ताठ उभा राहू लागला, पण वाढलेल्या देहाला स्थैर्य देण्यासाठी शेपटीच्या बाजूला लहान-मोठे जादा पंख लावावे लागले. त्यामुळे मागून पाहिले असता ते विमान थोडे गुंतागुंतीचे, ठिगळे लावल्यासारखे दिसते. सुंदर विमानांच्या यादीत त्याचे नाव कोणी घेत नाही. पण आवड आणि सौंदर्य या दोन गोष्टींचा संबंध वाटतो तितका घट्ट नसतो.

या विमानाचे गाजलेले जोडरूप कॅरेनाडो या चिलीतील संस्थेने केले. कॅरेनाडोची ख्याती यंत्रणांच्या खोलीपेक्षा पृष्ठभागांच्या कामासाठी आहे, आणि अभ्यासू मंडळी त्याबद्दल तक्रारही करतात. परंतु त्यांच्या विमानात बसल्यावर कळांच्या कडांवरचा उडालेला रंग, स्क्रूच्या डोक्याभोवतीची काळपट कड, बोटे फिरून गुळगुळीत झालेले दांडे आणि काचेवरचे बारीक ओरखडे पाहून असे वाटते की हे विमान कोणीतरी पूर्वी वापरलेले आहे. नवे कोरे विमान रेखाटणे सोपे. वापरलेले रेखाटायला वापराचा अर्थ समजावा लागतो. जळगावची ती पहिली सेवा फार काळ टिकली नाही. वेळापत्रक गेले, विमान गेले, आणि ज्यांनी आयुष्यातला पहिला विमानप्रवास त्या एकोणीस आसनांत केला त्यांच्याकडे बोर्डिंग पासाचा एखादा तुकडा आणि खिडकीतून काढलेली छायाचित्रे राहिली. सिम्युलेटरमध्ये मात्र कुसुंब्याला १९००डी आजही उभे करता येते. बंद पडलेल्या सेवेचे विमान पुन्हा त्याच धावपट्टीवर आणण्याची ही सोय लहान नाही; जुनी एसटी, मीटरगेजची गाडी, तापीवरची नाव यांना ती सहसा मिळत नाही.

तिसरे विमान एटीआर ७२. २०१९ मध्ये ट्रूजेटने याच जातीच्या विमानाने जळगावला मुंबई आणि अहमदाबादशी जोडले, आणि एप्रिल २०२४ पासून गोव्याच्या फ्लाय९१ ने एटीआर ७२-६०० ने जळगावहून गोवा आणि हैदराबाद गाठले. सत्तरएक प्रवासी नेणारे, सतराशे मीटरांच्या धावपट्टीत सहज मावणारे हे विमान लहान गावांसाठीच जन्मले आहे असे म्हणता येईल. त्यात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामान पुढे भरले जाते, हे पाहून पहिल्यांदा प्रवास करणारा जरा गोंधळतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी एटीआर ४२-६०० आणि ७२-६०० यांचे जोडरूप २०२३ मध्ये आले आणि ज्या विमानाकडे मोठ्या जेटच्या चाहत्यांनी तोवर कानाडोळा केला होता, त्याला नवे रसिक मिळाले.

एटीआरमधील ‘हॉटेल मोड’ ही युक्ती समजून घेतली की हे विमान लहान विमानतळांवर का शोभते ते उमगते. मोठ्या जेटच्या शेपटीत एक छोटे सहायक टर्बाइन असते आणि मुख्य इंजिने बंद असताना ते वीज व थंड हवा पुरवते. एटीआरमध्ये वजन आणि खर्च वाचवण्यासाठी असे टर्बाइन दिलेलेच नाही. त्याऐवजी उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक आहे. या इंजिनात वायू निर्माण करणारे टर्बाइन आणि पंखा फिरवणारे टर्बाइन एकमेकांना दांड्याने बांधलेले नसतात, मधला दुवा केवळ वाहत्या वायूचा असतो. म्हणून पंखा ब्रेकने धरून ठेवला तरी आतला गाभा बिनधोक चालू राहतो. अशा रीतीने उजवे इंजिन स्थिर पंख्यानिशी गुणगुणत वीज पुरवते, डावे पूर्ण बंद असते आणि प्रवासी डाव्या बाजूच्या दाराने निर्धास्त चढतात. फलाटावर इंजिन चालू ठेवून उभी असलेली आणि कंडक्टरच्या दुहेरी घंटीची वाट पाहणारी एसटी ज्याने धुळ्याच्या स्थानकात पाहिली आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. जोडविमानात ही सारी क्रिया करता येते: छतावरील कळ दाबून ब्रेक सोडला की इतका वेळ निश्चल असलेली सहा पाती प्रथम आळसावल्यासारखी हलतात, मग एकेक पाते दिसेनासे होत तेथे केवळ एक करडे वर्तुळ उरते. बोइंग ७४७ ची चार इंजिने एकामागून एक सुरू होताना जी भव्यता असते ती येथे नाही. पण काटकसरीतून निघालेली अक्कल येथे आहे, आणि टंचाईच्या मुलखात वाढलेल्या माणसाला तिची किंमत अधिक कळते.

या सगळ्या प्रेमाला एक दुखरी बाजू आहे. जोडविमान हे कोणत्या तरी एका सिम्युलेटरच्या आधारावर जगते, आणि तो आधार बदलला की ते निराधार होते. एफएसएक्स ३२-बिट होता, म्हणजे संगणकात कितीही स्मृती बसवली तरी त्याला चार गिगाबाइटांपलीकडची वापरता येत नसे. सुंदर विमान, दाट ढग आणि मोठे शहर एकत्र आले की तो लँडिंगच्या तोंडावर बंद पडे. नंतरच्या ६४-बिट सिम्युलेटरांनी ती अडचण दूर केली, पण जुनी जोडविमाने नव्या घरात तशीच्या तशी नांदली नाहीत. कॅरेनाडोचे एफएसएक्समधील १९००डी, एटूएचे ट्रेनर, फ्लाइट१ या संस्थेचे जुने एटीआर ७२-५००, या सर्वांसाठी लोकांनी पैसे मोजले, रात्री जागवल्या, हौशींनी त्यांच्या पत्र्यावर रंगवण्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांच्या ‘लिव्हरी’ म्हणजे रंगसंगती तयार करून फुकट वाटल्या. आणि एका आवृत्तीने ते सारे मागे टाकले. म्हणून अनेक घरांत आजही एक जुना संगणक केवळ एका विमानासाठी जपून ठेवलेला असतो. त्याला नवे विंडोज घातले जात नाही, तो इंटरनेटला जोडला जात नाही, दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरची धूळ पुसली जाते आणि तो पुन्हा झाकून ठेवला जातो. जेथे खरी सेवाही थांबली आणि तिचे जोडविमानही जुने झाले, तेथे ते विमान दोनदा जाते; जळगावच्या १९००डीचे तसे झाले आहे, आणि त्याचा एखादा चाहता त्या जुन्या संगणकाला का हात लावू देत नाही, हे त्यावरून समजावे.

अशा संगणकावर केलेल्या मुंबई–जळगाव फेरीला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. सरळ रेषेत हे अंतर साडेतीनशे किलोमीटर भरते, आणि योगायोग असा की ही रेषा मध्य रेल्वेच्या मार्गाला जवळजवळ चिकटून जाते. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरी, डावीकडे नाशिक, मग मनमाड, चाळीसगाव, पाचोरा. दिशादर्शक उपकरणे नसण्याच्या काळात वैमानिक रूळ पाहून मार्ग शोधत, आणि या मार्गावर आजही ते करता येते. सह्याद्रीचा कडा मागे पडला की जमीन तांबूस होत जाते, गिरणेच्या पट्ट्यात हिरवा रंग परत येतो आणि समोर, धूसर निळ्या भिंतीसारखा, सातपुडा उभा राहतो. वारा पश्चिमेचा असेल तर सरळ उतरता येत नाही. विमानतळाला वळसा घालून पूर्वेला भुसावळच्या बाजूस जावे लागते, दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसल्या की डावीकडे वळायचे, चाके खाली घ्यायची, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या झडपा उतरवायच्या आणि तोंड पश्चिमेला करायचे. धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम असल्यामुळे मार्चच्या उत्तरार्धात, जेव्हा सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, तेव्हा तो धावपट्टीच्या दुसऱ्या टोकावर येऊन बसतो. त्या क्षणी समोरचे आकडे नीट वाचता येत नाहीत, धावपट्टीच्या कडा अंदाजाने धराव्या लागतात, आणि चिलीतल्या कोणा चित्रकाराने १९००डीच्या काचेवर काढलेले, एरवी कधीही न दिसणारे ते बारीक ओरखडे एकाएकी सगळे पेटून उठतात.